उजव्या कानासाठी वसईला

डिसेंबरात अमेरिकेहून भारतात निघालेली बाई कुणाच्या तरी लग्नाला चालली असणार, असं सगळे धरूनच चालतात. विमानतळावरच्या रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका गुजराती आजींनी मला तेच विचारलं. पहिल्यांदा ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा त्यांनी माझ्या कोटाची बाही ओढून विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "नाही, कानासाठी चाललेय."

"कान टोचायला? इतक्या लांब?"

मी हसले. त्यांना सगळं सांगत बसायला वेळ नव्हता. तुम्हाला सांगते.

आम्ही राहतो ते गाव अमेरिकेच्या उत्तरेला, बर्फाच्या पट्ट्यात आहे. गाव इतकं शांत, की कुणाच्या गॅरेजचं दार करकरलं तरी लोक खिडकीतून डोकावतात. तिथल्या एका पाळणाघरात मी काम करते. दोनेक वर्षांपासून मला कमी ऐकू येऊ लागलं होतं, उजव्या कानाने जास्तच. आधी वाटलं, पाळणाघरातली पोरं पुटपुटतात. मग वाटलं, नवराच पुटपुटतो. पुढे माझी नऊ वर्षांची इरा दर थोड्या वेळाने "जाऊ दे आई, काही नाही" म्हणायला लागली. गंमत म्हणजे तिचं बाकीचं बोलणं निसटायचं, आणि 'जाऊ दे' तेवढं स्पष्ट ऐकू यायचं.

एकदा पाळणाघरात मी खेळणी आवरत होते. एक चिमुरडी माझ्यामागे उभी राहून बराच वेळ काहीतरी सांगत होती. वळून पाहिलं तेव्हा तिचे कपडे ओले झाले होते आणि ती मुसमुसत होती. आमची संचालिका भली बाई. रागावली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तिने मला मुलांमधून काढून स्वयंपाकघरात पाठवलं. "कानाचं काहीतरी कर आणि परत ये," एवढंच म्हणाली.

कानाचं काहीतरी करणं तिकडे किती अवघड असतं, ते मला तेव्हा समजलं. मळ असेल म्हणून आधी एका दवाखान्यात गेले. त्यांनी थेंब लिहून दिले. औषधाच्या दुकानातल्या बाईने अंगठ्याएवढी बाटली समोर ठेवून किंमत सांगितली. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. चूक झाली नव्हती. थेंबांनी काहीच फरक पडला नाही. मग ऐकायच्या यंत्रांच्या दुकानात गेलो. तिथे दोन कानांची मिळून किंमत ऐकल्यावर नितीनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ठसका लागला. आमचा विमा होता. त्याचे पैसे दर महिन्याला पगारातून कापले जात होते. पण त्या विम्यात यंत्रं बसत नव्हती. आणि कानाच्या तज्ज्ञाकडे जावं तर तिथे डिडक्टिबल नावाचं प्रकरण आडवं येत होतं. वर्षाला ठरलेली एक मोठी रक्कम आधी आपण भरायची, त्यानंतर विमा कंपनीला जाग येणार. निदान तपासणीला किती पडतील हे विचारायला नितीनने फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं, "ते बिल आल्यावर कळेल."

त्या दिवशी जेवताना तो मला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाला, "मीनल, तू सरळ विरारला जा. दादाकडे राहा, कान दाखव, भुजिंग खा आणि परत ये. जे काही होईल ते ह्यापेक्षा कमीच होईल."

इराला त्याच्या हवाली करून मी निघाले.

दादाला ऑफिसातून सुट्टी मिळाली नव्हती. त्याने ओळखीच्या एका ड्रायव्हरला मला आणायला पाठवलं. ड्रायव्हर नालासोपाऱ्याचा. गाडीचा एसी बंद पडलेला. "काच खाली घ्या मॅडम, हवा मस्त आहे," म्हणाला. मी काच खाली केली आणि महामार्ग सगळा गाडीत शिरला. दोन्ही बाजूंनी ट्रक, पुढे सिमेंट मिक्सरची मोठी गाडी, मागे कर्कश हॉर्न. वसईच्या खाडीवरचा पूल येईपर्यंत आम्ही गोगलगायीसारखे सरकत होतो. ड्रायव्हर त्याच्या मेहुण्याच्या साखरपुड्यात झालेलं भांडण सांगत होता. नवरीच्या मामाला खुर्ची मिळाली नाही इथपासून ते कोण कोणाला काय म्हणालं इथपर्यंत. मी मधूनमधून "मग?" म्हणत होते.

पूल ओलांडता ओलांडता माझ्या लक्षात आलं, की त्याचा शब्द न् शब्द मला ऐकू येतोय.

मी अक्षरशः घाबरले. कान बरा झाला? विमानात हवेच्या दाबाने काही सुटलं का? मग तिकिटाचे पैसे वायाच गेले की!

विरारमध्ये चंदनसारला दादाच्या घरी पोचले तरी तेच. खाली रस्त्याचं काम चाललेलं, शेजारच्या इमारतीला प्लास्टर लावत होते, पलीकडच्या मैदानात कुणाच्या तरी हळदीचा बँड वाजत होता. वहिनीने दार उघडलं आणि म्हणाली, "काय गं, दादा तर म्हणत होता तुला ऐकूच येत नाही!"

"मलाही तसंच वाटत होतं," मी म्हटलं.

संध्याकाळी बँड थांबला, मजूर घरी गेले, आणि मी पुन्हा बहिरी झाले. वहिनी काहीतरी विचारत होती, तिचे ओठ हलत होते. शेवटी तिने हातानेच खूण केली, पोळी वाढू का? दुसऱ्या दिवशी मिक्सरवर चटणी वाटताना वहिनी काहीतरी बोलली, तेव्हा मी लगेच उत्तर दिलं. मिक्सर बंद केला की मी "काय?" म्हणायची. वहिनी बिचारी गोंधळली. "तू अमेरिकेत राहून बिघडलीस," असा तिने निकाल दिला.

दोन दिवसांनी ती मला स्कूटरवर मागे बसवून वसईच्या दवाखान्यात घेऊन गेली. कानाच्या डॉक्टर म्हणून तिच्या ओळखीतल्या सगळ्यांनी एकच नाव सांगितलं होतं. बाकांवर बरीच माणसं बसली होती. माझ्या शेजारी अर्नाळ्याच्या एक कोळीणबाई होत्या, अंबाड्यात ताजी फुलं माळलेल्या. त्यांना माझ्या कपड्यांवरून काहीतरी वेगळं वाटलं असावं. वाकून माझ्या तोंडाजवळ तोंड आणून त्यांनी विचारलं, "कोन गो तू? कुठली?"

मी सांगितलं.

"अमेरिकेत डाक्टर नाय?"

"आहेत. परवडत नाहीत."

त्या मनापासून हसल्या. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "मंग आमच्यासारकीच की तू. माज्या कानातून पानी येतंय. डाक्टरीन म्हनते पडदा शिवाया लागेल. मी म्हनलं, होलीनंतर बघू."

होळीनंतर का, ते विचारायची गरज नव्हती. मी ज्या दारात स्वस्त म्हणून आले होते, त्याच दारात त्या महाग म्हणून थांबल्या होत्या. मला हसू आलं होतं ते जरा आत गेलं.

डॉक्टर पन्नाशीच्या, वसईतल्याच एका गावच्या, नेमकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी कानात पाहिलं, एक चिमट्यासारखा धातूचा काटा वाजवून कधी कानासमोर धरला, कधी कानामागच्या हाडावर टेकवला. हाडावर टेकवला की आवाज मोठा यायचा. मग आवाज न शिरणाऱ्या एका खोलीत बसवून माझी तपासणी झाली. परत आल्यावर त्यांनी विचारलं, "गोंगाटात तुम्हाला जास्त चांगलं ऐकू येतं का?"

मी आणि वहिनी एकमेकींकडे बघतच राहिलो.

"येतं! मिक्सर चालू असला की येतं!" वहिनी ओरडली.

डॉक्टर हसल्या. "गोंगाटात सगळी माणसं आपोआप आवाज चढवतात. तुम्हाला गोंगाट कमी ऐकू येतो, त्यामुळे तेवढं बोलणं नीट पोचतं. हे ह्याच आजारात होतं. घरात आणखी कुणाला कमी ऐकू येतं?"

"नाही," मी म्हटलं. आणि लगेच म्हटलं, "हो. माझ्या आत्याला. उमेळ्याला असते ती."

मग त्यांनी समजावून सांगितलं. कानात आत तीन बारीक हाडं असतात. शेवटचं सगळ्यात लहान, घोड्यावर बसताना पाय ठेवतात त्या रिकिबीच्या आकाराचं. आवाज आला की ते हलायला हवं. माझं हळूहळू चिकटून बसलं होतं. घराण्यात चालत येणारा आजार, बाळंतपणानंतर बरेचदा वाढणारा. त्यावर दोन उपाय होते. यंत्र लावायचं, किंवा शस्त्रक्रिया करून तिथे एक सुईसारखी बारीक दांडी बसवायची. शस्त्रक्रियेने बहुतेकांना चांगलं ऐकू येतं. "पण क्वचित, फार क्वचित, कान पूर्ण जाऊ शकतो," त्या म्हणाल्या. "मग त्याला यंत्राचाही उपयोग नाही. हे मी तुम्हाला आधीच सांगणार. यंत्र घेऊन गेलात तरी ते चुकीचं नाही."

खर्चाचा आकडा त्यांनी तिथल्या तिथे सांगितला, सगळ्या औषधांसकट. विमानाचं तिकीट त्यात मिळवलं तरी तो तिकडच्या दोन यंत्रांच्या किमतीच्या आत बसत होता. पण आता खर्चाचा प्रश्न राहिलाच नव्हता. उजवा कान पणाला लावायचा की नाही, एवढाच प्रश्न होता.

नितीनला व्हिडिओवर विचारलं. त्याने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कॅमेऱ्यासमोर धरलं: 'तू ठरव. मी दोन्हीला तयार आहे.' मला ते अजिबात आवडलं नाही. अशा वेळी नवऱ्याने जरा अरेरावी करावी असं वाटतं.

ठरत नव्हतं म्हणून मी वहिनीला घेऊन आत्याकडे जायचं ठरवलं.

उमेळ्याला वसई स्टेशनकडून जाताना आता दोन्ही बाजूंना इमारती लागतात, आणि मध्येच एखादी वाडी अजून तशीच हिरवी. आत्याची वाडी तशा वाड्यांपैकी. केळी, नारळ, कुंपणाला सोनचाफा, आणि मागे बावखल (वाडीला पाणी देणारं गोड्या पाण्याचं लहान तळं). अंगणात बांबूच्या मांडवावर राजेळी केळी सोलून वाळत घातली होती, सुकेळी करायला (उन्हात वाळवून, सुक्या पानांत बांधून ठेवलेली केळी, चवीला खजुरासारखी). आत्या एकेक केळं उलटत होती. साठी ओलांडलेली, बारीक अंगाची, ताठ.

ती दुसऱ्या बाळंतपणानंतर बहिरी होत गेली, तेव्हा मी लहान होते. तिचा आवाज इतका हळू, की लोक तिला मानी समजायचे. आता मला डॉक्टरांनी सांगितलं होतं, ह्या आजारात स्वतःचा आवाज स्वतःला मोठा वाटतो, म्हणून माणूस हळू बोलतो.

ओटीवर बसलो. आत्या हळू बोलली, मला ऐकू आलं नाही. मी बोलले, तिला ऐकू आलं नाही. मध्ये बसलेली वहिनी एकदा इकडे ओरडायची, एकदा तिकडे. काका, म्हणजे आत्याचे यजमान, खुर्चीवर बसून गालातल्या गालात काहीतरी म्हणत होते, ते फक्त वहिनीला ऐकू येत होतं आणि ती पदराने तोंड दाबून हसत होती.

एवढ्यात शेजारच्या जागेवर पाया खणणारं यंत्र सुरू झालं. धडाम, धडाम! नारळाची झावळं थरथरायला लागली. वहिनीने दोन्ही कानांवर हात ठेवले. काका उठून आत गेले.

आणि आत्या माझ्याकडे वळून चढ्या आवाजात म्हणाली, "आता बोल! आता येतं मला ऐकू!"

"मलाही!" मी ओरडले.

"ही बिल्डिंग आल्यापासून बरं झालंय बघ. सगळं गाव शिव्या घालतं. मला मात्र दुपारचं माणसांचं बोलणं कळतं."

त्या धडधडाटात आम्ही दोघी खुशाल गप्पा मारत बसलो. वहिनीला आमचं काहीच ऐकू येत नव्हतं. ती खुणेने विचारत होती, काय म्हणतेय, काय म्हणतेय? मी आत्याला ते हाड सांगितलं, ते चिकटणं सांगितलं, घराण्यातून येतं तेही सांगितलं.

आत्या केळं हातात धरून थांबली. "म्हणजे पाण्याने नाही?"

"कुठल्या पाण्याने?"

"बाळंतपणात मी ऐकलं नाही. बाविसाव्या दिवशी डोक्यावरून थंड पाणी घेतलं, बावखलातलं. उकडत होतं गं फार. सासूबाई म्हणाल्या, तेच कानात उतरलं. सगळे तेच म्हणायचे. मीही तेच म्हणत आले."

"नाही आत्या. पाण्याचा काही संबंध नाही. बाबांच्या आणि तुझ्या घरातूनच आलंय ते. मला आलं, तसं तुला."

 तिने हातातलं केळं मांडवावर ठेवलं, परत उचललं, परत ठेवलं. मग एकदम हसली. "सासूबाई राहिल्या नाहीत. नाहीतर आज त्यांना ओरडून सांगितलं असतं."

निघताना मी शस्त्रक्रियेचं बोलले. मला वाटलं होतं ती म्हणेल, नको बाई, कानाशी खेळ नको. ती म्हणाली, "आधी तू कर. तुझा आला तर मी बघेन."

"आणि गेला तर?"

"तर दोघी एकाच माळेचे मणी. मी आहे ना सोबतीला!"

स्कूटरवर मागे बसून मी तेच घोकत होते. कान आता माझ्या एकटीचा राहिला नव्हता. पुढच्या आठवड्यात मी डॉक्टरांना हो म्हणून सांगितलं.

शस्त्रक्रियेत मी जागी होते. कान तेवढा बधिर केला होता. चेहऱ्यावर कापड, डोक्याखाली छोटी उशी, आणि डॉक्टरांनी दिलेली एकच सूचना: हलायचं नाही. आत काहीतरी खरडल्याचा, ओढल्याचा आवाज येत होता. मग एकदम सगळं फिरलं, जणू पाळणा उलटा सुटला. "चक्कर येतेय? येऊ द्या, जाईल," डॉक्टर म्हणाल्या. आणि मग कुणीतरी ट्रेमध्ये एक हत्यार ठेवलं. टण्ण! इतका लखलखीत आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. मी अगदी हळू बोलतेय. येतंय ऐकू?" डॉक्टर म्हणाल्या.

"येतंय," मी म्हटलं, आणि कापडाखाली रडले. हलायचं नव्हतं, म्हणून न हलता रडले.

पण मग त्यांनी कानात पट्टी भरली आणि आवाज पुन्हा बंद झाला. टाके काढेपर्यंत ती काढायची नव्हती. नाक शिंकरायचं नाही, जड उचलायचं नाही, डोक्यावरून अंघोळ नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. नाहीतर ती दांडी जागची हलू शकते.

औषधं आणायला दादा आणि मी चंदनसारच्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने चिठ्ठी पाहिली. "ही चक्करची गोळी पाचच दिवस आहे ना? मग पूर्ण पट्टी कशाला, पाच कापून देतो," असं म्हणत त्याने कात्रीने पट्टी कापली. मी त्या कात्रीकडे बघत राहिले. दादाला कळेना, मला इतकं कशाचं कौतुक वाटतंय. "अरे, तिकडे मी एका कानात चार थेंब घातले आणि उरलेली बाटली अजून कपाटात आहे," मी सांगितलं. दुकानदार म्हणाला, "इथेही सगळ्याच गोळ्या अशा मिळत नाहीत ताई. माझ्या आईची एक गोळी आहे, तिची किंमत मी स्वतः दुकानदार असून मला सोसत नाही."

दादाने मोठ्या हौसेने आगाशीहून भुजिंग आणलं (कोळशावर भाजलेली कोंबडी, मसाला आणि पोहे, विरारकरांचा जीव की प्राण). पहिला घास घेतला आणि मी थांबले. जिभेची उजवी बाजू पितळी पेल्यासारखी लागत होती. चवीची एक नस कानातून जाते म्हणे, ती दुखावली होती. मग मी डाव्या बाजूने चावून दोन वाट्या खाल्लं.

आणि पाचव्या की सहाव्या दिवशी वहिनीने आमटीला लाल मिरचीची फोडणी दिली.

मी दारातच होते. तो खाट नाकात गेला, आणि मला काही सुचायच्या आत शिंक आली. तोंड मिटलेलं होतं. एक शिंक, तिच्यामागे दुसरी. कानात काहीतरी 'टक' झालं. खोली गरकन फिरली आणि मी दाराची चौकट धरून खाली बसले.

वहिनीने गॅस बंद केला आणि माझ्याशेजारी फरशीवर बसली. ती रडत होती, मी तिची समजूत घालत होते, आणि मनात मला एकच दिसत होतं: गेला कान. नुसता माझा नाही. आत्या आता कधीच दवाखान्याची पायरी चढणार नाही. फोनवर डॉक्टरांनी विचारलं, चक्कर थांबली का? थोडी थांबली होती. "मग पडून राहा. पट्टी काढल्याशिवाय काही सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. पट्टी काढायचा दिवस येईपर्यंत वहिनीने घरात नुसती मुगाची खिचडी शिजवली. तीही बिनफोडणीची. दादा ती मुकाट्याने खात होता.

त्या दिवशी दवाखान्यात वहिनी माझ्यापेक्षा पांढरी पडली होती. डॉक्टरांनी चिमट्याने पट्टीचा एकेक तुकडा काढायला सुरुवात केली. कानातून काहीतरी लांबलचक निघत असल्यासारखं वाटत होतं. मग एक बारीक, कोरडा, सळसळता आवाज आला. मी दचकून मागे पाहिलं. मागे भिंतीला टेकून उभी असलेली वहिनी हातातली कागदाची पिशवी चुरगाळत होती.

"वहिनी, ती पिशवी बंद कर गं," मी म्हटलं.

तिने पिशवी टाकलीच आणि मला मिठी मारली. डॉक्टर म्हणाल्या, "हळू, हळू! डोकं हलवू नका तिचं." पण त्याही हसत होत्या.

परत येताना स्कूटरचा हॉर्न मला सहन होईना. रिक्षा, बस, दुकानांतली गाणी, माणसांची कलकल. ज्या गोंगाटाने मला इतके दिवस सांभाळलं, तो आता कानात दाभणासारखा टोचत होता. घरी येऊन मी खिडक्या लावून घेतल्या आणि घरातले बारीक आवाज ऐकत बसले. पंख्याचा, पाण्याच्या नळाचा, माझ्याच पायांचा फरशीवरचा.

संध्याकाळी नितीन आणि इरा व्हिडिओवर आले. इरा स्क्रीनच्या बाहेर उभी राहून बापाला हळूच म्हणाली, "त्या निळ्या बशीचं आईला सांगू नको हं."

"कोणत्या निळ्या बशीचं?" मी विचारलं.

इराचं अर्धं तोंड स्क्रीनवर आलं, डोळे विस्फारलेले. त्या बशीची आमच्या घरातली किंमत मोठी होती, पण त्या दिवशी मी तिला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनीने काकांना फोन करून सगळं सांगितलं. आत्या स्वतःच निघून दवाखान्यात आली, चांगलं लुगडं नेसून, हातात डॉक्टरांसाठी चाफ्याची फुलं घेऊन. तपासणी झाली. तिची कानाची नसही थोडी थकली होती, तरी शस्त्रक्रियेचा उपयोग होईल असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. फक्त आधी साखर खाली आणायची होती. तिची तारीख माझ्या जाण्यानंतरची पडली. मला वाईट वाटलं. आत्या मात्र खूश होती. "तोवर सुकेळी विकून होतील," ती म्हणाली. खर्च आम्ही देऊ असं दादाने सुचवलं, त्यावर तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो विषय तिथेच संपला.

विमानप्रवासाला परवानगी मिळेपर्यंत मी विरारलाच राहिले. परवानगी देताना डॉक्टरांनी बजावलं, इरालाही मोठी होताना अधूनमधून तपासत राहा. निघायच्या दिवशी बॅगेत सुकेळीची जुडी, वर्षभराच्या दोन-तीन साध्या गोळ्या आणि त्यांची डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी. विमान वर चढताना मी जीव मुठीत धरून च्युइंगम चावत होते. कानात थोडं दडपलं, मग सुटलं. शेजारच्या प्रवाशाने काहीतरी विचारलं, मी पहिल्याच वेळी उत्तर दिलं.

घरी बर्फ साचलं होतं. मला वाटलं होतं आता आमचं गाव पूर्वीसारखं शांत वाटेल, पण बर्फावर पाय पडला की आवाज होतो हे मी विसरलेच होते. पाळणाघरात मला मुलांमध्ये परत घेतलं. स्वयंपाकघरात माझ्याबरोबर काम करणाऱ्या एक वयस्क बाई आहेत. गुडघ्यांनी हैराण झालेल्या, आणि रक्तदाबाची गोळी पुरवून पुरवून, अर्धी करून घेणाऱ्या. माझी सगळी हकीकत ऐकून त्या म्हणाल्या, "तुझ्या त्या गावात गुडघ्याचंही करतात का?" आम्ही दोघी हसलो. पण घरी येताना मी त्याचाच विचार करत होते. माझ्या मागे विरार होतं, म्हणून माझा कान परत आला. तिथे दार उघडायला वहिनी होती, स्कूटर होती, सगळं हक्काचं होतं. ज्यांच्या मागे असं एखादं विरार नाही, त्या स्वयंपाकघरातल्या बाईने आणि होळीची वाट पाहणाऱ्या अर्नाळ्याच्या मावशींनी काय करायचं? त्या दोघी एकमेकींना भेटल्या तर त्यांचं चांगलं जमेल, एवढं मात्र नक्की.

परवा संध्याकाळी भांडी विसळत असताना फोन वाजला. तिकडे सकाळ असणार. दादाचा असेल म्हणून मी सवयीने फोन डाव्या कानाला लावला आणि मग आठवण होऊन उजव्या कानाला.

पलीकडे कुणी बोलेना. नुसती केळीच्या पानांची सळसळ आणि लांब कुठेतरी कोंबडा.

"हॅलो?" मी म्हटलं. "कोण बोलतंय?"

"मी गं. आत्या."

माझ्या हातातून ताटली सिंकमध्ये पडली. आत्या आणि फोनवर! "आत्या! कधी झालं? पट्टी काढली का? येतंय ऐकू?"

"काल काढली. अगं, तुझे काका किती बोलतात! इतकी वर्षं मला वाटायचं हा माणूस शांत आहे. सकाळपासून माझ्या चहाला नावं ठेवतोय, तेही अगदी माझ्यासमोर. मी म्हटलं, पुरे आता, येतं मला ऐकू. तेव्हापासून गप्प बसलाय बिचारा."

मी पोट धरून हसले. माझं हसणं थांबेपर्यंत ती पलीकडे थांबली होती.

"मीनू," मग ती म्हणाली, "बोल ना काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीपण. हळू बोल. आजवर तुझं ओरडणंच ऐकलंय मी, आवाज आज ऐकतेय." मग म्हणाली, "तुझा आवाज तुझ्या बाबांसारखा आहे गं. अगदी माझ्या भावासारखा."

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. मला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी नळ बंद केला आणि फोन उजव्या कानाला आणखी घट्ट धरला.

"हॅलो?" आत्या म्हणाली. "मीनू? ऐकू येतंय ना तुला?"

"येतंय, आत्या," मी म्हटलं. अगदी हळू. आणि तिला ते ऐकू गेलं.